वाढत्या मुलीचे आखडलेले पाय



कैरीच्या लोणच्याची कृती मागणाऱ्यांनी थोडं थांबा, ती पुढच्या वेळी. आज मुलींच्या पायांबद्दल आणि पाठीबद्दल लिहिते आहे. ज्यांच्या मुली खेळतात त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या मुलींनी 'पाय दुखतात' म्हणून खेळ सोडला त्यांच्यासाठी तर जास्तच.

माझी धाकटी खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला हरवलं आणि कर्णधार होती प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचीच मुलगी. तेव्हापासून आमच्या घरात खो-खोशिवाय दुसरा विषय नाही. दोडामार्गसारख्या गावात मुलीला हौस लागायला असा एखादा सामना पुरतो. मैदान शाळेचं, सराव संध्याकाळी, बुटांची एक जोडी. एवढ्यात भागतं म्हणून तर हा खेळ आपल्याकडे इतका रुजला.

गेल्या वर्षभरात ती एकदम उंच झाली. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. दोन दिवाळ्यांमधल्या खुणांत आठ सेंटिमीटरचं अंतर भरलं. सलवारी घोट्याच्या वर गेल्या, आणि त्याच सुमारास गुडघा दुखायला लागला. वाटीच्या थोडं खाली, नडगी सुरू होते तिथे, एक टणक उंचवटा दिसू लागला. धावताना पाऊल आखूड पडायचं. कमरेत खोलगट बाक, कुल्ले मागे, खांदे पुढे. शेजारच्या काकींनी तर विचारलंच, "गो, तुमचा चेडू म्हातारेवरी चलता कित्याक?"

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "खेळ बंद करा. उद्या लग्न व्हायचंय, गुडघे आताच घालवून काय करणार?" ह्यांचं म्हणणं, "वाढीचं दुखणं आहे, आपोआप जाईल." मुलगी कोपऱ्यात बसून दोघांकडे बघत होती, कारण तालुक्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, हे नंतर कळलं. पण त्यातलं किती खरं, ते कळल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही एवढं मी ठरवलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी तपासून हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि फिजिओथेरपीसाठी म्हापशाला पाठवलं. आमच्या तालुक्याचं हे नेहमीचंच आहे. जिल्ह्याचं ठिकाण राहिलं तिकडे, मोठं दुखणं आलं की आम्ही गोव्याचा रस्ता धरतो. फार झालं तर बांबोळी.

म्हापशाच्या त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी गुडघ्याला हातच लावला नाही, निदान पहिला अर्धा तास. आधी तिला भिंतीजवळ उभं करून बाजूने पाहिलं. मग टेबलाच्या कडेला उताणं झोपवून एक गुडघा छातीशी धरायला सांगितला. अशा वेळी दुसरी मांडी टेबलावर टेकायला हवी. तिची मांडी अधांतरीच राहिली. खाली दाबावी तर कंबर वर उचलली जायची. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस नावाच्या हाडांच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात सुचवलेली ही तपासणी आजही तशीच करतात. मांडी टेकली नाही, तर जांघेपुढचे आणि मांडीच्या पुढचे स्नायू आखडलेले आहेत असं समजतात. मग एक मांडी सरळ वर धरून गुडघा सरळ करायला लावला, तर तो निम्म्यावरच अडकला. म्हणजे मांडीच्या मागच्या शिराही ताठ. शेवटी टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसायला सांगितलं, तर ती मागे कलंडली. टाचा टेकतच नव्हत्या.

हे पाहून मला घरचं आठवलं. आमच्या सासूबाई सत्तरी ओलांडल्यावरही विळीवर बसून भाजी चिरतात आणि अठ्ठेचाळीस मिनिटांचं सामायिक मांडी घालून पुरं करतात. नातीला दहा मिनिटांत मांडी बदलावी लागते. 'हल्लीच्या मुली' म्हणून मोकळं व्हायला हे चांगलं निमित्त आहे, पण तसं नाही. सासूबाईंचं शरीर त्या बैठकीत साठ वर्षं रुळलेलं आहे. मुलीचं शरीर दिवसातले सहा तास बाकावर, नंतर ट्यूशनच्या खुर्चीवर असतं आणि मग एकदम मैदानावर जातं. शिवाय सासूबाईंचे गुडघेही दुखतातच, फक्त त्या सांगत नाहीत.

बाईंनी समजावलं ते असं. मुलींची उंची सगळ्यात वेगाने वाढते ती साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलांची चौदाच्या आसपास. कुणाची थोडी आधी, कुणाची मागाहून. हाड वाढतं त्याच्या टोकांजवळच्या मऊ, कोवळ्या भागातून. स्नायू त्या ओढीने हळूहळू लांबतो. मधल्या काही महिन्यांत तो ताणलेल्या रबरासारखा राहतो. मांडीचा पुढचा दणकट स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकाला चिकटलेला असतो, आणि तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. प्रत्येक उडीला, प्रत्येक झेपेला तो स्नायू तेच कोवळं ठिकाण ओढतो. तिथे सूज येते, उंचवटा येतो. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधल्या श्लॅटर या दोन डॉक्टरांनी हे दुखणं वेगवेगळं लिहून ठेवलं, म्हणून त्याला दोघांचं नाव आहे. टाचेत असंच होतं त्याला सेव्हरचं नाव. वाढ पूर्ण झाली की बहुतेक मुलांचं दुखणं थांबतं. उंचवटा मात्र राहू शकतो. म्हणजे ह्यांचं 'आपोआप जाईल' बरंचसं खरं. पण तोवरची दोन वर्षं मुलीने लंगडत काढायची की नीट खेळत, हा प्रश्न उरतोच.

मग त्यांनी विचारलं, "खो-खोत बसतेस कशी, दाखव." हा प्रश्न मला फार आवडला. आठ जणी पाटीवर ओळीने बसतात, एकीआड एक तोंड उलट दिशेला. खो मिळाला की त्या बसल्या जागेवरून बाणासारखं सुटायचं. आमची नेहमी डावा पाय पुढे, उजवा मागे ठेवून बसायची, आणि दुखत होता तो उजवाच गुडघा! सरावात शंभर वेळा उठायचं तर शंभरही वेळा तोच पाय ढकलणार, त्याच बाजूची जांघ आखडणार. त्यात नियमच असा, की एकदा दिशा पकडली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. खांबाला वळसा घालताना अंग एकीकडे झुकतं. एका अंगाचा खेळ झाला की शरीरही एका अंगाचं होतं. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यावर हाच ताण साठतो. बुमराहचं पाठीचं दुखणं २०१९ मध्ये सुरू झालं, २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक त्यापायी हुकला आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तो तर पूर्ण वाढलेला गडी. आपल्या तर अजून वाढत्या मुली.

प्रागमध्ये व्लादिमीर यांदा नावाचे एक डॉक्टर होते. लहानपणी त्यांना स्वतःला पोलिओ झाला होता. त्यांनी पाहिलं, की शरीरातले काही ठरावीक स्नायू आखडण्याकडे झुकतात आणि काही ढिले पडण्याकडे. कमरेत पाहिलं तर जांघेपुढचे आणि पाठीच्या खालचे ताठ, पोटाचे आणि कुल्ल्यांचे ढिले. बाजूने रेघा ओढल्या तर फुली तयार होते. माझ्या मुलीच्या कमरेतला तो खोलगट बाक म्हणजे हीच फुली. हे कळलं तेव्हा लक्षात आलं, की नुसतं ताणून काम अर्धंच होतं. ढिल्या स्नायूंना कामाला लावावं लागतं. स्नायू ताठ वाटतो म्हणजे तो आखूडच असतो असंही नाही. कधी तो कमजोर असतो, कधी दमलेला, आणि स्वतःला सावरायला धरून ठेवतो.

आता खांद्यांबद्दल, आणि हे मी फक्त बायकांच्यात लिहिते आहे म्हणून मोकळेपणाने लिहिते. बाराव्या-तेराव्या वर्षी मुली खांदे का पाडतात? मोबाइलला आपण लगेच दोष देतो, आणि तो थोडाफार आहेही. पण छाती वाढायला लागली की मुलगी ती लपवायला खांदे पुढे घेते, दप्तर पोटाशी धरते, ओढणी नसली तर हात बांधते. आपणही तेच केलं होतं, आठवून पाहा. मैदानावर धावताना तर तिला जास्तच संकोच होतो, मग ती आखडून धावते, हात मोकळे हलवत नाही. हात हलले नाहीत की पाऊलही मोकळं पडत नाही. आमच्या मुलीला मी म्हापशाच्या बाजारातून खेळताना घालायच्या दोन घट्ट ब्रा आणल्या. तिचे खांदे त्या आठवड्यात जेवढे सरळ झाले तेवढे माझ्या 'सरळ बस, सरळ बस'ने वर्षभरात झाले नव्हते. ही वस्तू बूट घेतो तशीच, खेळाचं सामान म्हणून घ्यावी. चारचौघांत कुजबुजत नको.

याच वयात आणखी एक गोष्ट होते. मुलगी आपली आपण न्हायला लागते, आणि तिची पाठ आपल्या नजरेआड जाते. पाळी येते, दार बंद होतं. आणि कण्याला बाजूचा बाक यायचा असेल तर तो याच वाढीच्या काळात वाढतो, आणि मोठा बाक मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त दिसतो. पाहायची रीत सोपी आहे. १८६५ मध्ये विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज शल्यवैद्याने सांगितलेली. मुलीला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, तळहात एकमेकांना लावून हळूहळू पुढे वाकायला सांगायचं, आणि मागे बसून पाठ पाहायची. एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा उंच दिसल्या, तर डॉक्टरांकडे जायचं. घाबरायचं मात्र नाही. उसेन बोल्टच्या कण्याला बाक आहे, आणि २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला तो तोच माणूस. आमच्या मुलीची पाठ सारखी निघाली. मी तरी दर सहा महिन्यांनी पाहणार आहे, तिने कितीही नाक मुरडलं तरी.

व्यायाम सांगितले ते थोडेच. एक, अर्ध्या गुडघ्यावर बसून, कुल्ला घट्ट करून जांघ पुढे नेणं, कंबर न वाकवता. दोन, उताणं झोपून तळव्यात जुन्या ओढणीचा फास अडकवून पाय वर घेणं. तीन, भिंतीला हात लावून पोटरी ताणणं. प्रत्येक तीस सेकंद, दोन-तीनदा, दोन्ही बाजूंनी, झटके न देता. ताण जाणवावा, कळ येऊ नये. हे खेळानंतर किंवा आंघोळीनंतर, अंग गरम असताना. त्याबरोबर उताणं झोपून कुल्ले वर उचलणं, एका कुशीवर कोपराच्या आधाराने अंग सरळ धरणं, आणि एका पायावर उभं राहून हळू वाकणं. खो-खोच्या बैठकीत पाय आलटून पालटून ठेवणं. पहिले तीन आठवडे उड्या आणि उठाव निम्म्यावर आणले, धावणं चालू ठेवलं, खेळानंतर गुडघ्यावर बर्फाची पिशवी. खेळ बंद नाही, हे ऐकल्यावर मुलीने पहिल्यांदा त्या बाईंकडे बघून हसली.

मैदानावरच्या व्यायामाबद्दल थोडं परखड लिहिते. आल्या आल्या थंड अंगाने पायाचे अंगठे धरून झटके देत वाकायचं, ही पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. तिचा उपयोग नाही. खेळाआधी अंग हलवून गरम करायचं असतं: हलकं धावणं, गुडघे वर घेत चालणं, बाजूला पावलं टाकणं, एका पायावर तोल, मऊ गुडघ्यांनी उडी मारून थांबणं. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर अशाच वीस मिनिटांच्या तयारीचा प्रयोग झाला, २००८ मध्ये तो छापून आला. मोठ्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. याला साधन लागत नाही, फक्त सरावातली वीस मिनिटं लागतात. आमच्या मुलींनी आपापसात ठरवून ते सुरू केलं आहे. मोठी मुलगी पुढे उभी राहते, बाकीच्या तिच्यामागे.

आमच्याकडे पावसाची एक वेगळी अडचण आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून मैदान म्हणजे चिखल. मुलं अडीच-तीन महिने घरात बसतात आणि पाऊस जरा ओसरला की थेट तालुक्याच्या स्पर्धा. दुखणी नेमकी तेव्हा निघतात. म्हणून यंदा पडवीत तिच्या व्यायामाची चटई जूनपासूनच अंथरली आहे. दप्तराचंही वजन केलं. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असं आहे. आमच्या बेचाळीस किलोच्या मुलीचं दप्तर पावणेसात किलो भरलं, त्यात एक अख्खं पुस्तक मागच्या इयत्तेचं!

त्यातच दशलक्षण पर्व येतं, भाद्रपदात, गणपतीच्याच दिवसांत, आणि स्पर्धाही त्याच सुमारास. आमच्यात मुली हौसेने उपवास धरतात. माझं मत मी घरात सांगितलं तेच इथे लिहिते: उपवासाच्या दिवशी सराव नाही, हलकं चालणं फार तर. इतर दिवशी सूर्यास्ताआधी जेवण व्हायचं म्हणून सराव साडेपाचला संपवायचा आणि मैदानावरून आल्या आल्या पाणी, मग वरण-भात, उसळ, दूध. सूर्यास्तानंतर पाणी घ्यायचं नसेल तर दिवसभराचं पाणी दुपारपासूनच मोजून प्यावं लागतं. कोरड्या पडलेल्या शरीराकडून चपळाई मागता येत नाही. वाढत्या मुलीच्या तपाबद्दल घरातल्या मोठ्यांशी आणि महाराजांशी बोलावं. आमच्याकडे बोललो, त्यांनी एकाशनावर भागवायला सांगितलं.

बाईंनी 'सरळ उभं कसं राहायचं' शिकवलं तेव्हा मला हसू आलं. पाय समान, मध्ये थोडं अंतर, गुडघे मागे न दाबता, हात सैल खाली, मान ताठ पण मऊ. मुलगीच म्हणाली, "आई, हा तर कायोत्सर्ग." कुंभोजला बाहुबलींच्या अठ्ठावीस फुटी मूर्तीपुढे आपण सगळ्या उभ्या राहिलो आहोत. तिथे मान वर करून पाहिलं तर खांदे ओढून ताठ केलेले नाहीत, छाती फुगवलेली नाही. पायांत चार अंगुळं अंतर ठेवून उभं राहायचं, असं आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. आता ती सकाळी णमोकार म्हणताना नऊ वेळा होईपर्यंत तशी उभी राहते. बाईंचा यावर एवढाच शेरा होता, की उभं राहणं चांगलं आहे पण त्याने पाठ 'दुरुस्त' होत नाही. कुठलीही एकच बैठक फार वेळ धरली की वाईटच, मग ती सरळ का असेना. अभ्यासाला बसली की अर्ध्या तासाने उठव. ते काम सासूबाईंनी घेतलं आहे. त्या दर अर्ध्या तासाने तिला पाणी आणायला पाठवतात.

काही दुखणी मात्र घरच्या व्यायामावर सोडायची नाहीत. रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, लाल गरम सूज, बधीरपणा, मागे वाकताना कमरेत एकाच ठिकाणी होणारी तीव्र कळ, आणि लंगडणं. मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल, तर दोष कधी कधी खुब्यात असतो. त्यात उशीर चालत नाही.

दोन महिने झाले. मांडी टेबलाला टेकते, डावी पूर्ण, उजवी बोटभर वर. उंचवटा आहे तसाच आहे, दाबला तर दुखतो, धावताना नाही. तालुक्याच्या संघात ती राखीव म्हणून निवडली गेली. तिला ते फारसं आवडलेलं नाही. सासूबाई सामना बघायला येणार आहेत, फक्त खुर्ची हवी म्हणाल्या.

तेलाबद्दल तुम्ही विचारणारच म्हणून लिहून टाकते. कोमट तेल चोळल्याने बरं वाटतं, झोप चांगली लागते, पण स्नायू त्याने लांबत नाही. व्यायाम करून मग लावा. कुठलंही चालतं. आमच्याकडे नारळाचं असतं.